साखरझोपेतला श्वास: सीपॅप मशीन आणि झोपेचे टप्पे

“चार तास लावतो की रोज. पहाटे तीनला काढून ठेवतो, मग सकाळपर्यंत छान झोप लागते.” नव्यानं सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) घेतलेल्या माणसांच्या तोंडून हे मी नेहमी ऐकते. सांगणाऱ्याला वाटतं, निम्म्याहून जास्त काम झालं. पण मशीनची खरी गरज जिथे वाढते, नेमकं तिथेच ते बाजूला ठेवलेलं असतं.

मी स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीला तंत्रज्ञ म्हणून काम करते. झोपलेल्या माणसाचा मेंदू, श्वास, ऑक्सिजन, छाती-पोटाची हालचाल असं सगळं रात्रभर पडद्यावर बघणं हे माझं काम. तिथे एक गोष्ट रोज दिसते. झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया, रात्रभर सारखा नसतो. झोपेचा टप्पा बदलला की घसा बदलतो, आणि घसा बदलला की लागणारं प्रेशरही बदलतं. मशीन घरी आणताना ही गोष्ट फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. प्रेशरचे आकडे बदलायचे असतील तर ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला. पण बोलायचं काय, विचारायचं काय, हे तुम्हाला आधी कळलेलं असावं.

आधी रात्र समजून घ्या

डोळा लागतो तो हलक्या झोपेत. तिथून थोडी स्थिर झोप, मग गाढ झोप, आणि मग स्वप्नांची झोप. या शेवटच्या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागोमध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही हालचाल नोंदवली आणि त्या टप्प्याला रेम हे नाव मिळालं. हलकी, स्थिर, गाढ, रेम असं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि रात्रीत अशी चार ते सहा आवर्तनं होतात. पण ती एकसारखी नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात येतो. रेमचा पहिला तुकडा जेमतेम काही मिनिटांचा असतो, पुढे प्रत्येक आवर्तनात तो लांबत जातो. मोठ्या माणसाच्या एकूण झोपेत रेमचा वाटा २० ते २५ टक्के असतो आणि त्यातला बराचसा पहाटे, साखरझोपेत जमा झालेला असतो.

आता घशाकडे या. जिभेमागचा घशाचा भाग मऊ असतो, त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी जिभेचे आणि घशाचे स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की हा ताण कमी होतो. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे किंवा जबडा मागे आहे, त्यांच्या घशाच्या भिंती जवळ येतात. आधी घोरणं, मग श्वास अर्धवट, मग पूर्ण बंद. श्वासाचा प्रवाह किमान १० सेकंद जवळजवळ थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. प्रवाह बराच कमी झाला आणि त्यापायी ऑक्सिजन घसरला किंवा झोपमोड झाली तर हायपॉप्निया. ताशी अशा किती घटना झाल्या, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र.

टप्प्यांनुसार काय होतं बघा. डोळा लागताना श्वास मुळातच डळमळीत असतो. जागेपणाचा ताबा सुटलेला आणि झोपेचा अजून बसलेला नसतो. निरोगी माणसाचाही श्वास तिथे क्षणभर थांबतो. गाढ झोपेत श्वास सगळ्यांत सम आणि शांत चालतो, आणि पुष्कळ रुग्णांमध्ये इथे घटना कमी होतात. मग रेम येते. स्वप्नात आपण हातपाय मारू नयेत म्हणून मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडतो. छातीखालचा श्वासपटल चालू राहतो, पण जीभ आणि घसा ढिले पडतात. शिवाय रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, ऑक्सिजन घटला, तर मेंदू एरवी जेवढ्या तत्परतेनं जोर लावतो तेवढा रेममध्ये लावत नाही. म्हणून रेममधली श्वासाची अडचण जास्त वेळ चालते आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. लॅबमध्ये पहाटे चारच्या सुमारास ऑक्सिजनच्या रेषेला एकापाठोपाठ एक खोल खड्डे पडायला लागले, की मेंदूची रेषा बघण्याआधीच आम्हाला अंदाज येतो.

हे फक्त पडद्यापुरतं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सामान्य नागरिकांची झोप वर्षानुवर्षं तपासली गेली. त्यावरच्या २०१४ च्या विश्लेषणात रेममधला एएचआय १५ किंवा जास्त असणं उच्च रक्तदाबाशी जोडलेलं आढळलं. रेम सोडून उरलेल्या झोपेतल्या एएचआयचं तसं ठळक नातं दिसलं नाही.

मशीनला काय कळतं आणि काय नाही

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे. हवेचा दाब घशाला आतून आधार देतो. हा दाब पाण्याच्या उंचीच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती मशीनमध्ये तो बहुधा ४ ते २० च्या दरम्यान ठेवता येतो.

साध्या सीपॅपमध्ये रात्रभर एकच प्रेशर. ऑटो मशीनमध्ये किमान आणि कमाल आकडा दिलेला असतो आणि त्या पट्ट्यात मशीन वर-खाली होतं. बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन वेगळे दाब.

ऑटो मशीन तुमच्या झोपेचा टप्पा ओळखतं, असा समज फार पसरलेला आहे. ते तसं ओळखत नाही. तुमच्या डोक्याला तारा लावलेल्या नसतात. मशीनला दिसतो तो फक्त नळीतून जाणारा श्वास. श्वासाच्या लाटेचा माथा सपाट झाला की घसा अरुंद होतोय, कंप आला की घोरणं, प्रवाह थांबला की ॲप्निया. श्वास थांबलेला असताना काही मशीन हवेचे बारीक झोत सोडून बघतात की घसा बंद आहे की उघडा. बंद असेल तर अडथळा. उघडा असून श्वास नसेल, तर मेंदूनं श्वासाचा आदेशच दिलेला नाही. एवढ्या माहितीवर मशीन प्रेशर ठरवतं. रेम आली हे त्याला श्वास बिघडायला लागल्यावर कळतं, त्याआधी नाही.

म्हणून मशीन झोपेच्या टप्प्यांशी जुळवून घेणं म्हणजे त्याला प्रेशरचा असा पट्टा देणं, की रेम आली तेव्हा ते फार खालून धावत वर येत बसणार नाही. आणि तुम्ही ते रेम संपेपर्यंत तोंडावर ठेवणं.

पायरी १: स्लीप स्टडीचा रिपोर्ट पुन्हा उघडा

बहुतेक जण पहिल्या पानावरचा एएचआय वाचतात आणि फाईल कपाटात ठेवतात. आत जा. रेममधला एएचआय आणि रेम सोडून उरलेल्या झोपेतला एएचआय वेगवेगळा दिलेला असतो. पाठीवर झोपलेलं असताना आणि कुशीवर असतानाही वेगळा असतो. सगळ्यांत कमी ऑक्सिजन किती आणि तो कुठल्या टप्प्यात, हेही बघा.

एक हिशेब मांडून दाखवते. समजा कुणी ६ तास झोपलं. त्यात रेम ७२ मिनिटं. रेममध्ये ताशी ४० घटना, म्हणजे ४८. उरलेल्या झोपेत ताशी ५, म्हणजे २४. एकूण ७२, भागिले ६, एएचआय १२. रिपोर्टवर शिक्का “सौम्य”. पण रेममध्ये हा माणूस दर दीड मिनिटाला श्वासासाठी झगडतोय. हा प्रकार बायकांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त दिसतो. छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्यात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाची अडचण आढळली. तिच्यात बायका नव्हत्या. घरातही “बायका कुठे घोरतात” म्हणून त्यांच्या सकाळच्या डोकेदुखीकडे आणि दिवसभराच्या थकव्याकडे दुर्लक्ष होतं. सौम्य शिक्का बसलेल्या बाईचा रिपोर्ट तर मी रेमचा आकडा बघितल्याशिवाय खाली ठेवत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. चाचणी घरी झाली होती का? घरच्या चाचणीत बहुधा मेंदूची नोंद नसते. त्यामुळे रेम किती होती ते कळत नाही. जागं राहिलेला वेळही भागाकारात येतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. आणि लॅबमध्ये झाली असेल तर एकाच रात्रीत अर्धी तपासणी, अर्धी मशीनवर अशी झाली का? तसं असेल तर तपासणीच्या पहिल्या अर्ध्या भागात रेम थोडीच मिळालेली असते. प्रेशर ठरवण्याची रात्र चांगली कधी म्हणायची, यालाही मापदंड आहे. ठरवलेल्या प्रेशरवर किमान १५ मिनिटं घटना ताब्यात दिसाव्यात आणि त्यात पाठीवर झोपलेली रेम असावी. तुमच्या रात्रीत ती मिळाली होती का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

नैराश्यावरची काही औषधं रेम कमी करतात, त्यामुळे चाचणी सौम्य दिसू शकते. औषध स्वतःहून बंद करू नका. फक्त ते चालू आहे हे चाचणीआधी सांगा.

पायरी २: डोळा लागेपर्यंत

पहिले काही दिवस मशीन रात्री नाही, संध्याकाळी लावा. टीव्ही बघत, पेपर वाचत, खुर्चीत बसून. मास्कमधून श्वास घेण्याची सवय जागेपणीच होते.

रात्रीसाठी रॅम्प नावाची सोय असते. कमी दाबानं सुरुवात करून मशीन हळूहळू ठरलेल्या प्रेशरला पोचतं. सुरुवातीचा आकडा बहुधा ४ ठेवलेला असतो, आणि मोठ्या माणसाला ४ वर अनेकदा हवा कमी पडल्यासारखं होतं. मग तो घाबरून मास्क काढतो आणि “मला हे सहन होत नाही” म्हणतो. त्याला प्रेशर जास्त झालेलं नसतं, कमी पडत असतं. सुरुवात ५ किंवा ६ वर करून बघू का, असं विचारा.

रॅम्पचा वेळही बघा. दहा मिनिटांत झोपणाऱ्या माणसाला ४५ मिनिटांचा रॅम्प दिला तर पहिली अर्धा तास झोप अपुऱ्या दाबावर जाते. हल्लीच्या काही मशीनमध्ये ऑटो रॅम्प असतो. श्वास झोपल्यासारखा सम झाला असं वाटेपर्यंत ते थांबतं आणि मग दाब वाढवतं. असेल तर तोच वापरा. काही मशीन उलट बाजूनंही मदत करतात. रात्री तुम्ही जागे झालात आणि श्वास अनियमित झाला, की दाब खाली आणतात. फिशर अँड पायकेल ही कंपनी या सोयीला सेन्सअवेक म्हणतं.

पायरी ३: किमान आणि कमाल प्रेशर

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. मशीन दुकानातून ४ ते २० अशा पूर्ण उघड्या पट्ट्यावर येतं आणि पुष्कळदा तसंच राहतं. ऑटो आहे, आपोआप जमवेल, असं म्हणून विकणारा निघून जातो.

रेममध्ये तुम्हाला ११ लागतं असं धरा. रात्रीच्या बाकी वेळात ७ पुरतं. मशीन शांत झोपेत खाली उतरून ५ वर बसलंय. रेम सुरू होते, घसा ढिला पडतो, घटनांची रांग लागते. मशीन प्रत्येक घटनेनंतर थोडं थोडं वर चढतं. ते ११ ला पोचेपर्यंत रेमचा तो तुकडा बराचसा सरलेला असतो, किंवा तुम्ही दचकून जागे झालेले असता. मग श्वास सुधारतो, मशीन पुन्हा खाली. पुढच्या रेमला हेच पहिल्यापासून. सकाळी उठून माणूस म्हणतो, मशीन लावूनही तरतरी नाही.

उपाय बहुधा किमान आकडा वर नेण्याचा असतो. त्यासाठी मशीनच्या नोंदीतले दोन आकडे बघा. एक मध्यक प्रेशर, म्हणजे अर्धा वेळ ज्याच्या खाली गेला ते. दुसरं ९५ टक्क्यांचं प्रेशर, म्हणजे ९५ टक्के वेळ ज्याच्या खाली किंवा त्यावर गेला ते. फिलिप्सच्या मशीनवर हे ९० टक्क्यांचं असतं. मध्यक ७ आणि ९५ टक्क्यांचा ११.५ असेल, तर रात्रीचा काही भाग बाकी रात्रीपेक्षा बराच जास्त दाब मागतोय. तो भाग रेमचा असू शकतो, पाठीवर झोपण्याचा असू शकतो, कधी दोन्ही. अशा वेळी किमान आकडा मध्यकाच्या आसपास आणला तर मशीनला चढायचं अंतर कमी राहतं. एका वेळी १ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी बदल करायचा, मग काही रात्री थांबायचं. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. जागरण, सर्दी, लग्नातलं जेवण, कशानंही एक रात्र बिघडते.

कमाल आकडा २० वर मोकळा सोडणंही सगळ्यांना मानवत नाही. दाब फार चढला की मास्क गळतो, पोटात हवा जाऊन सकाळी पोट फुगतं, आणि काहींमध्ये मेंदूकडून श्वास थांबण्याच्या घटना वाढतात. पण कमाल फार खाली बांधली तर रेममध्ये मशीन छताला टेकून बसतं. प्रेशरची रेषा पहाटे कमाल आकड्यावर सपाट चालली आहे आणि घटना चालूच आहेत, असं दिसलं तर तो आलेख डॉक्टरांना दाखवा.

श्वास सोडताना दाब १ ते ३ नं कमी करण्याची सवलत असते. नवख्याला ती फार बरी वाटते, मी ती सुचवते. फक्त ती चालू केल्यावर अडथळ्याच्या घटना वाढल्या का ते बघा. श्वास सोडतानाचा दाब कमी झाला की घशाचा आधारही तेवढा कमी होतो, आणि त्याची भरपाई किमान आकड्यात करावी लागू शकते.

पायरी ४: गळती

रेममध्ये जबडाही सैल पडतो. नाकाचा मास्क लावणाऱ्यांचं तोंड उघडतं आणि हवा तिथून निघून जाते. रात्रभर मास्क ठीक आणि पहाटे घसा कोरडा, जीभ टाळूला चिकटलेली, अशी तक्रार असेल तर हेच कारण धरून चला. आधी नाक मोकळं आहे का बघा. सर्दी, ॲलर्जी, वाकडा पडदा असेल तर ईएनटीकडे जा. मग हनुवटीचा पट्टा, किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. रेसमेड कंपनीच्या मशीनवर अनपेक्षित गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती जास्त समजतात.

मास्क बसून नाही, झोपून घट्ट करा, मशीन चालू ठेवून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर. चेहरा धुऊन कोरडा करा. रात्री तेल किंवा क्रीम लावून मास्क चढवला तर त्याची गादी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) घसरते. नाकातली चमकी मास्कच्या कडेखाली येत असेल तर रात्रीपुरती काढून ठेवा. पट्टे करकचून आवळू नका, नाकावर व्रण पडेल आणि गळती तशीच राहील. गळती वारंवार होत असेल तर मास्कचं माप चुकलंय.

हवेतला दमटपणाही इथेच येतो. नागपूर-औरंगाबादकडच्या कोरड्या थंडीत ह्युमिडिफायर लागतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कदाचित तो अगदी कमीवर पुरेल. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं रोज सकाळी ओतून टाका. गार खोलीत नळीत पाणी साचून खुळखुळ वाजत असेल तर दमटपणा कमी करा किंवा नळीला कापडी खोळ घाला.

पायरी ५: पाठ, उशी आणि संध्याकाळ

पाठीवर झोपलेली रेम ही पुष्कळांसाठी रात्रीतली सगळ्यांत अवघड जागा असते. जीभ गुरुत्वाकर्षणानं मागे पडते आणि स्नायू तिला धरत नाहीत. पाठीमागे लोड लावून कुशीवर राहण्याचा प्रयत्न करा. दोन-तीन उंच उशा रचू नका. हनुवटी छातीकडे वाकली की घसा दुमडतो, आणि ते मशीनला दाबानं सहसा सोडवता येत नाही.

झोपण्याआधी दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात. रात्रीच्या पहिल्या भागात रेम दबते, आणि दारू उतरली की उत्तररात्री ती उसळून येते. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ६: पहाटेपर्यंत टिकवा

रात्री ४ तास हा आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याच्या नियमातून जगभर पसरला. तिथे मशीनचे पैसे मिळत राहण्यासाठी सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दाखवावा लागतो. तो पैशाचा नियम आहे, उपचाराचं माप नाही. अकराला झोपून तीनला मास्क काढला आणि सहाला उठलात, तर रेमचा मोठा भाग मशीनशिवाय गेला. म्हणून मी सांगते, झोप तेवढं मशीन.

बहुतेकांचा मास्क लघवीला उठल्यावर सुटतो. परत येऊन कोण पट्टे बांधणार, असं होतं. मास्क काढूच नका. नळी मास्कपासून सुटते, तेवढी सोडवा, जाऊन या, परत जोडा. परतल्यावर दाब जास्त वाटला तर रॅम्पचं बटण पुन्हा दाबा. श्वासरोधामुळेही रात्री लघवीला जास्त लागतं, उपचार नीट झाला की पुष्कळांचं हे उठणं कमी होतं.

झोपेतच नकळत मास्क काढून टाकत असाल तर बहुधा गळती, कोरडेपणा किंवा अपुरा दाब छळत असतो. काही मशीनमध्ये मास्क निघाल्यावर वाजणारा इशारा असतो, तो चालू करा. आणि दुपारची वामकुक्षी? तिलाही मशीन. विशेषतः रात्री झोप अपुरी झाली असेल तर.

वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर मशीन चालतं, प्युअर साइन वेव्ह असलेला घ्या. ह्युमिडिफायर तापवायलाच सगळ्यांत जास्त वीज लागते, तो बंद केला की बॅटरी बराच वेळ पुरते. सेकंडहँड मशीन घेत असाल तर एक खबरदारी घ्या. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आवाज शोषणाऱ्या फोमच्या दोषामुळे लाखो मशीन परत मागवली होती. मशीनचा क्रमांक त्या यादीत आहे का, ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ७: आलेख वाचायला शिका

ॲपवर सकाळी एक आकडा दिसतो, एएचआय ३. छान वाटतं. पण ७ तासांत ३ म्हणजे २१ घटना. त्या रात्रभर विखुरलेल्या असतील तर ठीक. त्यातल्या १५ पहाटे पाच ते साडेपाचच्या दरम्यान असतील, तर सरासरीनं रेमचा प्रश्न झाकला आहे.

हे बघायला मशीनमधलं एसडी कार्ड लागतं. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यावरची सविस्तर नोंद संगणकावर दाखवतं. आपलं मशीन त्यात चालतं का ते आधी बघा. मग घटनांच्या खुणा कुठे आहेत ते पाहा. साधारण दीड तासाच्या अंतरानं झुबके येतात आणि पहाटेकडे ते दाट होतात, तर रेमचा संशय घ्या. मोठं करून बघितलं तर रेममधला श्वास अनियमित दिसतो, उथळ-खोल, भराभर-सावकाश. गाढ झोपेतला श्वास एकसारख्या लाटांचा. झुबके केव्हाही आणि अगदी दाट येत असतील तर कूस किंवा हनुवटी बघा. कूस बदलताना, जाग येता-जाता एखाददुसरी खूण पडली तर घाबरू नका, मशीनला जागा श्वास आणि झोपलेला श्वास यातला फरक नेमका कळत नाही.

मनगटावरच्या घड्याळाचा रेमचा आलेख अंदाजच असतो. महिन्याभराचा कल बघायला चालेल, त्यावरून प्रेशर ठरवू नका.

पहिल्या आठवड्यांत काय वाटेल

वर्षानुवर्षं रेम तुटत आलेली असते. मशीनवर ती भरून निघते आणि पहिल्या काही रात्री रेम नेहमीपेक्षा जास्त येते. स्वप्नं ठळक, लांबलचक, कधी विचित्र पडतात. पुष्कळ जण यानं घाबरतात, घरचे म्हणतात मशीनमुळे डोक्यावर परिणाम झाला. तसं नाही, हे चांगलं लक्षण आहे आणि ते निवळतं.

काहींच्या नोंदीत सुरुवातीला उघड्या घशाच्या, म्हणजे सेंट्रल घटना वाढलेल्या दिसतात. बऱ्याच जणांच्या काही आठवड्यांत कमी होतात. पण त्या टिकून राहिल्या तर प्रेशर वाढवत नेणं हा उपाय नाही, उलट बिघडू शकतं.

डॉक्टरांकडे कधी

एएचआय चांगला असूनही सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, गाडी चालवताना डोळा लागणं चालूच असेल, तर थांबू नका. आणि गाडी चालवू नका. वजन खूप जास्त असलेल्यांमध्ये आणि सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या दीर्घकाळच्या फुप्फुसविकाराच्या) रुग्णांमध्ये रेममध्ये श्वास अडत नसला तरी उथळ होतो आणि ऑक्सिजन बराच वेळ खाली राहतो. मशीनच्या एएचआयमध्ये हे दिसत नाही. सीपॅप चालू ठेवून रात्रभराची ऑक्सिजनची नोंद करता येते. ती खराब आली तर बायपॅपचा विचार डॉक्टर करतात.

हृदय कमकुवत असलेल्यांसाठी एक इशारा. सेंट्रल घटनांसाठी प्रत्येक श्वासाला दाब बदलणारं एएसव्ही नावाचं मशीन असतं. हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांवरच्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, २०१५ मध्ये, या मशीनवर हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढलेले आढळले. तेव्हा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट दाखवल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून असं मशीन घेऊ नका.

भेटीला जाताना एसडी कार्ड, मास्क आणि पहिला स्लीप स्टडी रिपोर्ट बरोबर न्या. शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्या. पहाटे घोरणं परत येतं का, तोंड उघडं पडतं का, मास्क किती वाजता निघतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.